सासूबाईंच्या फोनातला कांदा

लाहिजानमध्ये इरजला सगळे मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनीअरसाहेब. तो इंजिनीअर नव्हता. विजेचा छोटासा कोर्स करून तो गावातल्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत वायरमन म्हणून लागला होता आणि खांबांवर चढता चढता एक दिवस खुर्चीवर येऊन बसला होता. कंपनीचं ऑफिस तलावाजवळ, कुलूचे नावाची गोड बिस्किटं भाजणाऱ्या भट्टीच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर खालून दालचिनी आणि अक्रोडाचा वास यायचा आणि वर इरजच्या पोटात पित्ताची आग पडलेली असायची. समोर पडदा, पडद्यावर गावातल्या घराघरांच्या लाइनी, आणि टेबलावर सतत वाजणारा फोन.

त्याच्या वैतागाचं मूळ साधं होतं. सकाळी ऑफिसात जे तो बंद करायचा, तेच संध्याकाळी त्याला नातेवाइकांच्या फोनवर उघडून द्यावं लागायचं.

त्या शरदात रस्त्यांवर निदर्शनं झाली, पुढे जे झालं ते झालं, आणि पाठोपाठ सरकारी हुकमाने इन्स्टाग्राम गेलं, व्हॉट्सॲप गेलं. मग सगळ्या देशाने फोनवर फिल्टरशिकन बसवली. बंद दारं चोरून उघडणारी ही ॲपं. पोरींनी बसवली, आज्यांनी बसवली, मशिदीतल्या मुअज्जिननेही बसवली. वरून कंपनीला फर्मान यायचं, आज हे फिल्टरशिकन दाबा, उद्या ते दाबा. इरज निमूटपणे दाबायचा. अर्ध्या तासात पाववाल्याचा फोन.

"मुहंदिस, माझं बंद पडलं रे! काल तर तूच टाकून दिलं होतंस."

"बघतो," इरज म्हणायचा. मीच सकाळी बंद केलं, हे सांगायची काय सोय होती?

शुक्रवारी जेवायला सासुरवाडीला जायचं म्हणजे तर त्याच्या अंगावर काटा यायचा. त्याची सासू तूबाखानूम विधवा बाई. नवरा मश्दी नसरुल्ला दीवशली चहाच्या कारखान्यात पानं तोलायचा, तो जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटी मुलगी गिलदा लग्न करून ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला. तिला पहिलंच मूल व्हायचं होतं. थोरली नस्तरन, म्हणजे इरजची बायको, गावातच घरी बायकांचं पार्लर चालवायची. तूबाखानूमच्या घरात शिरलं की चहाच्या समोवारपाशी बसायच्या आधी इरजच्या हातात फोन यायचा.

"इरजजान, बाळा, बघ ना. नुसतं गोल गोल फिरतंय. परवापासून गिलदाचा फोटो अर्धाच दिसतोय. पोट दिसतंय, तोंड दिसत नाही."

"आई, जेवू तर दे त्याला," नस्तरन म्हणायची.

"जेवण कुठे पळून चाललंय? तो भात झाकलेला आहे. माझी पोरगी झाकलेली नाही तिकडे, एकटी आहे."

इरज नवं काहीतरी टाकून द्यायचा. आठवड्याभरात त्याचं फर्मान यायचं आणि तो ते ऑफिसातून बंद करायचा. पुढच्या शुक्रवारी परत फोन हातात. या चक्रापुढे त्याने हात टेकले होते. त्यात एकदा त्याने कुठलंसं फुकटातलं फिल्टरशिकन टाकलं. तूबाखानूमकडे बायकांची मजलीस बसली होती, मुल्लाबाई रडून रडून इमामांची हकीकत सांगत होत्या, आणि बाईंनी वेळ बघायला फोन उघडला तर पडद्यावर एक जवळजवळ उघडी बाई नाचतेय. शेजारणीने पाहिलं. मुल्लाबाईंनीही पाहिलं.

तूबाखानूम प्रेमात असली की जावयाला "तू" म्हणायची आणि रागावली की "तुम्ही"वर यायची. त्या दिवशी फोन आला, "आगा इरज, तुम्ही आमच्या अब्रूचे धिंडवडे काढलेत. आपले आभारी आहोत."

इरज तसाच उठून गेला. चिडलेल्या डोक्याने त्याने तिच्या फोनवर तो कांदा बसवला. त्या ॲपची खूण कांद्याची आहे, कारण त्यातून काही पाठवलं की ते पापुद्र्यात पापुद्रा, पापुद्र्यात पापुद्रा असं गुंडाळून जगभरच्या अनोळखी यंत्रांमधून फिरत जातं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, नाचणाऱ्या बायका नाहीत. हळू मात्र असा, की बघता बघता चहा निवावा. व्हिडिओवर बोलणं त्याच्यावर व्हायचं नाही. पण फोटो यायचे, आवाजातले निरोप यायचे, आणि तुर्की मालिकेत पुढे काय झालं तेही वाचता यायचं.

"म्हणजे मी काय बघते ते तुला तिथे बसून दिसतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. मला फक्त तुम्ही कांद्याच्या दारात शिरलात एवढं दिसतं. पुढे कुठे गेलात, कुणाशी बोललात, काही दिसत नाही."

"मग ठीक. एवढंही कशाला दिसायला हवं म्हणा."

बाई बोलून गेली ते खरंच होतं. त्या दारात वेश बदलून शिरायची एक सोय होती. मग कंपनीला ते साध्या रहदारीसारखं दिसतं, कांदा आहे हे कळतच नाही. पण तो वेश सारखा फाटतो, दर चार दिवसांनी नवा शोधून द्यावा लागतो. म्हणजे दर चार दिवसांनी सासुरवाडी. इरजच्या जिवावर आलं. त्या वसंतात सरळ वाट कशी कोण जाणे उघडी राहिली होती, म्हणून त्याने सरळ वाटेनेच जोडून दिलं. आपल्या देशात एखादं दार उघडं राहिलं तर आत कोण जातंय ते मोजायला कुणीतरी बसलेलं असतं, हे एरवी त्याच्या ध्यानात आलं असतं. त्या दिवशी त्याला फक्त घरी जायचं होतं.

महिनाभर शांतता होती. मग एका बुधवारी मॅनेजरने त्याला आत बोलावलं.

मॅनेजर आगा सदाकत हा करजहून बदलून आलेला, गावात नवखा, घामट माणूस. त्याच्यासमोर रश्तहून आलेले एक गृहस्थ बसले होते. करडं जाकीट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. नाव त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. विषय होता गावातल्या, इन्स्टाग्रामवरच्या एका निनावी पानाचा. शैतानकूह टेकडीच्या मागच्या उतारावरचा चहाचा जुना मळा उपटून कुणा बड्याच्या पुतण्याचे बंगले उठत होते. परवानगी होती फक्त कुंपणाची. कुणीतरी रोज दुपारी बुलडोझरचे ताजे फोटो टाकत होतं, आणि अख्खा गिलान प्रांत ते बघत होता.

"हे कोण टाकतंय ते तुमच्याकडून दिसायला हवं," गृहस्थ म्हणाले.

"साहेब, फिल्टरशिकन तर सगळेच वापरतात," सदाकत हात चोळत म्हणाला. आपल्या खिशातल्या फोनवरही आहे, हे तो बोलला नाही. गृहस्थांच्याही असणार.

"ते मला ठाऊक आहे. मी कांद्याबद्दल विचारतोय. अशा गावात ते कोण वापरणार? ज्याला खरोखर लपायचंय तोच. किती आहेत?"

इरजने ओठांवरून जीभ फिरवली. "बघावं लागेल साहेब. पण आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. चालू आहे एवढंच दिसतं."

"तेच तर म्हणतोय मी. दिसत नाही. लपवण्यासारखं नसेल तर दिसायला हरकत काय?"

बाहेर येऊन इरजने पडद्यावर शोध घेतला. दारू प्यायल्यासारखे कान तापले त्याचे. सगळ्या लाहिजानात कांद्याच्या दारात जाणारी एकच लाइन होती. रोज दुपारी जेवण आटोपलं की सुरू, दुपार कलताना असरच्या नमाजाच्या सुमारास बंद. ग्राहकाचं नाव, मश्दी नसरुल्ला दीवशली.

मेलेल्या सासऱ्याच्या नावाची ती लाइन कुणी बदलून घेतलीच नव्हती. सदाकत नवखा म्हणून त्याला नाव ओळखीचं वाटलं नसतं. पण पत्ता तर होता. पत्त्यावर माणसं जाणार, दार वाजवणार, आणि तूबाखानूम त्यांना आत घेऊन चहा विचारणार. मग तिने कितीही शपथा घेतल्या की मी तुर्की मालिका वाचत होते, तरी ते सिद्ध कसं करणार? आत काय चाललं होतं ते कुणालाच दिसत नव्हतं. तिला वाचवायलासुद्धा दिसत नव्हतं. आणि ज्याने कुणी खरोखर फोटो टाकले होते, तो बहुधा पाववाल्याचंच फिल्टरशिकन वापरत गर्दीत मजेत बसला होता.

इरज परत आत गेला. "आगा सदाकत, यंत्राने पत्ते एकमेकांत मिसळलेत. चुकीच्या घरी माणसं गेली तर आपल्याच अंगावर येईल. शनिवारपर्यंत खात्रीचं देतो."

सदाकतने गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थ उठले. "शनिवारी सकाळी मी इथे असेन."

ऑफिस सुटताच इरज सासुरवाडीला गेला. "तुमचा फोन द्या जरा."

"का रे? चालतोय की छान."

"काढून टाकतो ते कांद्याचं. खराब आहे."

तूबाखानूमने फोन पदराआड धरावा तसा चादरीच्या घोळात ओढून घेतला. "खराब काय आहे त्यात? पहिल्यांदा काहीतरी धड चाललंय. गिलदाचे दिवस भरलेत. आज-उद्या बातमी येईल आणि तू आत्ता काढतोस? तुला काही कळतं का, मुहंदिस असून?"

"आई, ऐका माझं."

"कारण सांग."

कारण सांगता येत नव्हतं. तूबाखानूमला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला जाते, हे तिच्या मांजरालाही माहीत होतं. इरज म्हणाला, "फोन गरम होतो त्याने."

"माझं डोकं गरम होतंय तुमच्यामुळे, आगा इरज. चहा घ्या आणि निघा."

"तुम्ही" आलं, म्हणजे संपलं. तो चहा न घेताच निघाला. घरी येऊन त्याने नस्तरनला सगळं सांगितलं. तिच्या बोटांना मेंदीचा रंग होता. ती हात धूत ऐकत होती.

"मूर्खासारखं वागलास," ती शेवटी म्हणाली. "लपायचं म्हणून आईला लग्नाच्या मांडवात काळा बुरखा घालून बसवलंस. सगळे तिच्याकडेच बघणार की!"

"कळतंय मला ते! आता काढलं तरी बोंब. साहेब आला आणि त्याच आठवड्यात ते बंद झालं, हेही दिसतंच."

"जुनं किती दिवसांचं दिसतं तुमच्याकडे?"

"दोनच दिवसांचं. सदाकत साठवायला नवं यंत्र घेऊ देत नाही."

नस्तरनने हात पुसले. "मग सगळ्यांनाच काळं नेसव. मातमच्या मजलिसीत काळ्या कपड्यातली बाई कोण शोधतं?"

गावभर कांदा बसवायचा, हे इरजला पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा त्याला आणखीनच त्रास झाला. "नस्तरन, या बायकांना माहीत नसताना आपल्या आईच्या पुढे उभं करायचं? उद्या त्यांच्या दारात कुणी गेलं तर?"

"माहीत नसताना कशाला? सांगू की."

गुरुवारी सकाळपासून नस्तरनच्या पार्लरमध्ये गर्दी, दुसऱ्या दिवशी लग्नं होती. डोक्याला रंग लावून, प्लास्टिकच्या टोप्या घालून बायका ओळीने बसल्या होत्या, रंग चढेपर्यंत करायला काही नाही, आणि प्रत्येकीच्या हातातल्या फोनवर तेच गोल चाक फिरतंय. इरजने ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं होतं. तो मधल्या पडद्याआड स्वयंपाकघरात बसला होता. नस्तरन फोन आणून द्यायची, तो बसवून परत पाठवायचा. पण प्रत्येकीला आधी सांगायचं, असं त्याने बायकोकडून कबूल करून घेतलं होतं.

"नीट ऐका गं," नस्तरन बाहेर सांगत होती, "हे हळू आहे. आणि तुमच्याकडे हे आहे, एवढं कंपनीला दिसतं. काय करता ते नाही दिसत."

"कंपनी बघते?" कुणीतरी हसलं. "बघू दे बाई. माझा नवरा तर बघतच नाही."

"मला नको," एक नवी नवरी म्हणाली. "माझा भाऊ सरकारी नोकरीत आहे." तिचा फोन तसाच परत गेला.

निवृत्त हेडमास्तरीण अक्दसखानूम टोपीखालून गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे मी चेहरा झाकून बाजारात गेले हे दिसणार, काय घेतलं ते दिसणार नाही?"

"अगदी तसंच, खानूम."

"मग बाजारात सगळ्यांनीच चेहरा झाकला तर बरं पडेल." त्यांनी नस्तरनकडे थोडा वेळ रोखून पाहिलं. "बसव. आणि माझ्या दोन्ही सुनांना पाठवते."

त्यांना किती समजलं होतं, हे इरजला कधीच कळलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याची बोटं बधिर झाली. ज्या कामाचा त्याला महिनोन्महिने वीट आला होता, तेच तो आज आपण होऊन करत होता. शुक्रवारी तर तो स्वतःच पाववाल्याकडे गेला, चुलत भावांकडे गेला, समोरच्या शिंप्याकडे गेला.

"आज न मागता?" पाववाला चकित झाला. "बरा आहेस ना?"

शिव्या शुक्रवारी दुपारीच सुरू झाल्या. मुहंदिस, हे काय गाढव बांधलंस फोनात? मुहंदिस, माझं आधीचं बरं होतं. मुहंदिस, एक फोटो उघडेपर्यंत भात करपला. इरज प्रत्येकाला म्हणत राहिला, "चार दिवस राहू दे, सवय होईल." दात-ओठ खात म्हणत राहिला.

शनिवारी सकाळी करड्या जाकिटातले गृहस्थ वेळेच्या आधीच हजर होते. इरजने पडदा त्यांच्याकडे वळवला. लाइनींची रांग खाली सरकतच होती.

"हे काय?" गृहस्थ म्हणाले. "अशा गावात एवढे?"

"लोक एकमेकांना सांगतात साहेब. दुसरी बंद पडली की एक नवीन निघतं."

"बुधवारी किती होते?"

"बुधवारी पत्ते मिसळले होते. म्हणून तर वेळ मागितला."

गृहस्थांनी सदाकतकडे पाहिलं. सदाकत पडद्यावर वाकला होता. त्याचं बोट खाली सरकत एका जागी येऊन थांबलं. ती त्याच्या स्वतःच्या घरची लाइन होती. त्याची बायको गुरुवारी केसांना रंग लावायला गेली होती, हे त्याला आठवत असावं, कारण त्याच्या मानेपासून वर लाली चढत गेली. त्याने मान वर केली आणि इरजकडे रोखून पाहिलं.

"साहेब," सदाकत गृहस्थांना म्हणाला, आवाज कोरडा, "हे सगळं बायकांचं खूळ आहे. स्वयंपाकाचे व्हिडिओ, मालिका. यात तुमचा माणूस सापडणार नाही."

गृहस्थांनी यादी पुन्हा एकदा खालपर्यंत पाहिली. मग टोपी उचलत म्हणाले, "मग अख्खंच बंद करा." आणि निघून गेले.

दुपारी वरून फर्मान आलं आणि कांद्याची सरळ वाट बंद झाली. बंद करायचं बटण इरजनेच दाबलं.

गिलदाला त्याच दिवशी मुलगी झाली. तूबाखानूमच्या फोनवर निरोप आलेला दिसत होता, पण उघडत नव्हता. तिने शेजाऱ्यांकडे धाव घेतली. त्यांचंही फिरत होतं. शेवटी गिलदाने घरच्या जुन्या टेलिफोनवर फोन लावला आणि आजीने नातीचं रडणं ऐकलं, तेही खरखरीत, मध्येमध्ये तुटणारं. मग तिने जावयाला फोन केला.

"आगा इरज, अभिनंदन. तुम्हाला भाची झाली. आम्हाला तिचं तोंड काही दिसलेलं नाही. तुमच्या कृपेने."

"आई..."

"आज सकाळपर्यंत चालत होतं. बुधवारी तुम्ही म्हणालात काढतो, मी नाही म्हटलं. मग तुम्ही तिकडून बंद केलंत. माझ्यावर सूड घेतलात ना? एवढं काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

इरजने फोन कानाला धरून डोळे मिटले. सांगावं असं फार वाटलं. सांगितलं तर गल्ली, गल्लीतून पार्लर, पार्लरमधून सदाकतचं घर. तो म्हणाला, "चूक झाली, आई." बाईंनी फोन ठेवला. नस्तरनने नंतर आईची समजूत घालायचा प्रयत्न केला, पण कारणाशिवाय समजूत किती घालणार? बाई वर्षभर जावयाशी "तुम्ही"च बोलली.

सदाकतने काही विचारलं नाही. फक्त पुढच्या आठवड्यात इरजच्या खुर्चीवर रश्तची एक नवी मुलगी येऊन बसली आणि इरजला पुन्हा शिडी, पक्कड आणि चहामळ्यांतली गावं मिळाली. पाठीची कटकट वाढली, पित्त तेवढं कमी झालं. ते निनावी पान चालूच राहिलं. कुणाचं होतं ते कधी कळलं नाही. मळा मात्र वाचला नाही. ज्यांनी फोटो पाहायचे त्यांनी पाहिले, हळहळले, आणि शरदाच्या आत तिथे पायेसुद्धा खणून झाले.

पुढच्या उन्हाळ्यात गिलदा बाळाला घेऊन तुर्कस्तानात आली आणि तूबाखानूम व नस्तरन बसने तिथल्या वान शहरात गेल्या. इरजला रजा मिळाली नाही. तो एका खेड्यात खांबावर चढलेला असताना फोन थरथरला. तो एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने फोन काढेपर्यंत पडद्यावर तूबाखानूम आली होती, हसत, रडत, मागे कुठलं तरी हॉटेल.

"इरजजान! बघ, बघ, इथे काहीच लावावं लागत नाही रे! नुसता दाबला आणि लागला! थांब हं, तुला दाखवते. गिलदा, आण गं तिला, लवकर आण!"

चित्र हललं. एक गुबगुबीत हात दिसला, लाल मोज्यातला पाय दिसला, आणि चेहरा वळायच्या बेतात असतानाच सगळं गोठलं. इरजच्या फोनातलं फिल्टरशिकन पडलं होतं. रश्तच्या त्या मुलीला सकाळी नवं फर्मान आलं असणार. त्याने दुसरं चालू केलं. चाक फिरलं. तिसरं चालू केलं. खालून घरमालक ओरडत होता, अजून किती वेळ लागणार म्हणून. इरजने कुणाला द्यावी ते न कळून एक सणसणीत शिवी हवेत दिली, फोन खिशात कोंबला, आणि दातांत तार धरून पुढचा स्क्रू पिळायला घेतला.